गुणवंतीच्या भुवईचं कलम

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. भागोजीचं तोंड कधी पोळलं नव्हतं, तरी तो ताक, पाणी, पेज, सगळंच फुंकून प्यायचा. जन्मजात खोड ती! तेल घ्यायला गेला की तळहातावर थेंब घेऊन चोळायचा, हुंगायचा आणि विचारायचा, "ह्यात काय घातलंस?" एकदा तेली वैतागून म्हणाला, "बाबा, उद्यापासून घाण्यात तूच बस." वाटेत कुणी "बरा हायस ना?" विचारलं तर हा पुढं जाऊन थांबायचा आणि मागं वळून बघायचा. ह्यानं का विचारलं असेल बरं?

आता खरं सांगायचं तर त्याचा धंदाही तसाच होता. भागोजी हापूसची कलमं बांधायचा. रत्नागिरीपासून दोन कोसांवर, कातळाच्या कडेला त्याची वाडी. तिथून आरे-वाऱ्यापर्यंतचे बागायतदार त्याला निरोप धाडायचे. कलमाच्या धंद्यात शपथेला किंमत नाही. विकणारा देवाची आण घेऊन रायवळाचं, म्हणजे साध्या गावठी आंब्याचं, रोप हापूस म्हणून गळ्यात मारतो. खरंखोटं कळायला झाडाला आंबा धरावा लागतो, आणि तोवर घेणाऱ्याचे केस पिकलेले असतात नि विकणारा मुंबईला पसार झालेला असतो. असल्या धंद्यात भोळा माणूस टिकेल कसा?

त्या काळी भेटकलम करायचे. रायवळाचं रोप कुंडीत वाढवायचं, कुंडी बांबूच्या माळ्यावर चढवून हापूसच्या फांदीशेजारी ठेवायची, दोघांची साल तासायची आणि जखमेला जखम लावून केळीच्या खोडाच्या सोपटानं आवळून बांधायचं. वरून शेणमातीचा लेप. फांदी, म्हणजे काडी, आपल्या आईच्या अंगावर असतानाच रोपाशी जुळते आणि जुळली की मग आईपासून तोडायची. भागोजीच्या हातचं कलम सहसा मरायचं नाही. त्याचा त्याला गर्व होता, आणि का नसावा?

बायको गुणवंती लांज्याकडची. जीभ तिखट, हात त्याहून चलाख. घरात मूलबाळ नव्हतं, दोघंच. ह्याच्या संशयाला तिनं हसण्यावारी नेलं म्हणून संसार चालला होता. "आमच्याकडं मांजर आलं तरी आधी त्याचं गाव विचारतात," असं ती शेजारणीला, गंगाला सांगायची.

एकोणीसशे तीसच्या पुढचं एक साल असेल. वैशाखात गुणवंती अंगणात खापरात काजूबिया भाजत होती. बी तापली की सालातलं तेल तडतडतं, पेट घेतं, हे तिला काय नवीन होतं? पण त्या दिवशी एक बी फटकन फुटली आणि जळतं तेल कपाळावर उजवीकडं उडालं. नशीब, डोळा वाचला. जखम भरून यायला आषाढ उजाडला आणि भरली तेव्हा उजवी भुवई साफ गेलेली. तिथं नुसतं गुळगुळीत, गुलाबी, चकाकणारं कातडं.

भागोजी म्हणाला, "डोळा हाय ना? मग भुवई काय चाटायची हाय?"

"तुमचं काय जातंय बोलायला!" गुणवंती म्हणाली. "चुलीपुढं बसलं की घाम सरळ डोळ्यात उतरतो. आणि हळदीकुंकवाला गेलं की बायका आधी हे बघतात नि मग कुंकू लावतात. मला लाज वाटते."

रत्नागिरीत तेव्हा एका डॉक्टरानं नवाच दवाखाना थाटला होता. पहिल्या मोठ्या लढाईत हा इराकात बसऱ्याकडं होता, भाजलेल्या शिपायांची तोंडं नीट करायचं तिथं शिकला होता. त्यानं गुणवंतीचं कपाळ दोन्ही बोटांनी चाचपलं आणि सांगितलं, भुवई परत आणता येईल. वर म्हणाला, पैसे नकोत.

झालं! भागोजीच्या मनात पाल चुकचुकली. पैसे नकोत? अवघ्या मुलखात फुकट मिळतो तो फक्त ताप. ह्या डॉक्टराला गुणवंतीच्या भुवईचा एवढा पुळका का यावा? तो बाहेर येऊन कंपाउंडर आत्मारामला गाठून बसला. आत्माराम बाटल्या धूत होता.

"डाक्तर करणार काय नक्की?"

"कलम," आत्माराम म्हणाला. "भुवईचं कलम. तू आंब्याचं बांधतोस ना, तसंच."

ते मेलं "तसंच" आत्मारामच्या तोंडून गेलं नसतं तर पुढचं रामायण झालंच नसतं. आत्मारामला बिचाऱ्याला सोपं करून सांगायचं होतं. पण भागोजीच्या लेखी कलम म्हणजे दोन झाडं. आपलीच फांदी आपल्याच खोडाला कोण शहाणा बांधतो? रायवळ ही गुणवंती, समजा. मग हापूस कोण?

"काडी कोणाची?" त्यानं विचारलं.

"कोणाची म्हणजे? डोक्याची," आत्माराम म्हणाला, आणि तेवढ्यात आतून हाक आली म्हणून बाटली टाकून पळाला.

डोक्याची. पण कोणाच्या डोक्याची? भागोजी विचार करत पडवीत आला, तर समोर बाकावर एक धिप्पाड खारवी, दर्यावरचा गडी, बसलेला. डोकं वस्तऱ्यानं चकचकीत भादरलेलं आणि मागच्या बाजूला पट्टी. भागोजीचे पाय जागच्या जागी थबकले.

"नाव काय तुमचं?"

"बाबल्या. मिरकरवाड्यातला."

"आणि केस कुठं गेले?"

बाबल्या खो खो हसला. "डाक्तरानं घेतले!"

आता ह्यावर आणखी काय विचारायचं? भागोजीनं काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं, की होडीवर डोलकाठीचा तडाखा बसून बाबल्याचं डोकं फुटलं होतं आणि टाके घालायला केस काढले होते. पण संशयी माणसाचं हेच तर दुखणं. नको तिथं सतरा प्रश्न विचारील, आणि हवा तो एक गिळून बसेल.

त्यानं गुणवंतीला परत न्यायचा घाट घातला. पण ती आधीच टेबलावर जाऊन झोपली होती.

आत काय झालं ते तिनं डॉक्टराच्या बोलण्यावरून नंतर सांगितलं. डोळ्यांवर फडकं टाकलं. कानामागं आणि कपाळावर सुई टोचून जागा बधिर केली. मग कानामागच्या केसाळ कातडीची एक बारीक पट्टी कापून घेतली आणि तिथं टाके घातले. ती पट्टी डॉक्टर आणि आत्माराम बराच वेळ तासत बसले होते. तांदळाच्या कणीएवढे तुकडे केले, प्रत्येक तुकड्यात दोनचार केस मुळासकट. मग भुवईच्या जागी बारीक बारीक चिरा पाडून एकेक कणी आत बसवली. केस नाकाकडून कानशिलाकडं झुकले पाहिजेत म्हणून डॉक्टर सारखा कणी फिरवून बघायचा.

"तू बघितलंस हे?" भागोजीनं विचारलं.

"डोळ्यांवर फडकं होतं म्हणून सांगितलं ना! पण दुखलं कुठं ते मला कळत नाय? कानामागं दुखतं माझं."

"डोक्याला पट्टी आवळली की कानामागं दुखणारच," भागोजी म्हणाला. त्याच्या मते ह्यात आणखी एक खोट होती. आईपासून एकदम तोडलेला तुकडा जगेलच कसा? भेट नाही, लेप नाही, सोपट नाही. म्हणजे कुणीतरी काहीतरी लपवतंय.

पट्टी सुटली तेव्हा उजवा डोळा सुजून बंद झाला होता. डॉक्टरानं बजावलं होतं, उशाला उंच घेऊन झोपायचं, वाकायचं नाही, चुलीच्या धुराकडं जायचं नाही, तेल लावायचं नाही, आणि खाज सुटली तरी नखसुद्धा लावायचं नाही. खपल्या आपोआप पडतील. त्यानंतर केसही गळतील, घाबरायचं नाही. मुळं आत आहेत, ती काही महिन्यांनी फुटतील. गंगा दोन्ही वेळा भाकऱ्या भाजून द्यायची. गुणवंती भिंतीला टेकून बसायची, खाजेनं जीव नकोसा व्हायचा तेव्हा शेजारची जमीन थोपटायची.

भागोजीला मात्र राहवेना. कलम जगलं का बघायचं तर साल नखानं किंचित खरवडतात, खाली हिरवं दिसलं की जिवंत. तो तिच्या कपाळाजवळ बोट नेतो न नेतो तोच गुणवंतीनं हातातली पळी त्याच्या मनगटावर हाणली. "मी आंबा हाय काय?"

गणपतीत केस गळायला लागले. सकाळी उशीवर एक, दुपारी पदरावर दोन, आणि गौरी येईतो कपाळ पुन्हा कोरं करकरीत. घरात पाहुणे होते, ते हळहळले. भागोजीचा चेहरा मात्र एवढा खुलला की पाहुण्यांना वाटलं ह्याला प्रसादात काही मिळालं. "मेलं कलम," तो म्हणाला. "मी सांगत होतो." परक्याचे केस घरातून गेले, त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्या दिवसांत त्यानं गुणवंतीला बाजारातून बांगड्या आणल्या. एवढा प्रेमात तो लग्नातही आला नव्हता.

ती म्हणाली, "डाक्तरानं सांगितलं होतं, गळणार म्हणून. परत येतील."

"काय येत नाय," भागोजी हसून म्हणाला.

आले. मार्गशीर्षात एके सकाळी तुळशीला पाणी घालताना उन्हात तिच्या कपाळावर काळे ठिपके दिसले. भागोजीनं दोनदा वाकून बघितलं. मेलेलं कलम फुटतं कसं? पौष लागेतो भुवई चांगली भरली. आणि एवढ्यावर ती थांबेल तर शपथ! भुवई कशी, वाढते तेवढी वाढते नि राहते. ही वाढतच गेली. केस लांब होऊन पापणीवर उतरले. गुणवंती गंगाकडं जाऊन कात्रीनं कापून घ्यायची, चार आठवड्यांत परत तेच. तिला त्याची गंमत वाटायची. "डोक्याचे केस ते, त्यांना काय ठाऊक आपण कपाळावर आलोय?"

भागोजीला गंमत वाटली नाही. हापूसची काडी रायवळावर बांधली तरी आंबा हापूसचाच लागतो, काडी आपल्या आईचा गुण सोडत नाही, हे त्याच्याहून चांगलं कोण जाणणार? म्हणजे केस डोक्याचेच. पण डोकं बाबल्याचं! एका परक्या पुरुषाचे केस आपल्या बायकोच्या तोंडावर जीव धरून वाढतायत, आणि ती त्यांना आरशात बघून हसते. त्याला तिच्याकडं बघवेना. तो पडवीत झोपायला लागला. तिच्या हातचं जेवताना मान खाली घालायचा.

एक दिवस बाजारात बाबल्यानं त्याला ओळखलं. बिचाऱ्यानं डोक्याला रुमाल बांधला होता. दवाखान्यात त्यानं सगळं ऐकलं होतं. लांबूनच ओरडला, "काय वो, वयनीची भुवई कशी हाय?" भागोजीच्या अंगाची लाही लाही झाली. मालकासारखी चौकशी करतोय!

घरी येऊन त्यानं तोंड उघडलंच, "ही भुवई त्या मिरकरवाड्यातल्या बाबल्याच्या केसांची हाय!" गुणवंती आधी हसली, मग त्याचा चेहरा बघून हसायची थांबली. तिनं अंबाडा सोडला आणि कानामागचे केस वर केले. "बघा. हितनं काढलं."

भागोजीनं बघितलं. कातडीवर एक पांढरी बारीक रेघ होती. बस्स. "काडी काढली तिथं खाच राहते," तो म्हणाला. "एवढी भुवई ह्या रेघेतनं निघाली? खाच कुठं हाय?"

"टाके घातले हो! कडेला कड आणून शिवली."

"शिवून खाच जाते? कुणाला सांगतेस?"

शिमगा तोंडावर आला होता. शिमग्यात देवीची पालखी दारोदार येते आणि घरधनीण तिची ओटी भरते. भागोजी म्हणाला, "परक्याचं अंग कपाळावर घेऊन तू देवीपुढं जायचं नाय." आणि लांज्याला निरोप धाडला, की येऊन बहिणीला घेऊन जा. परत कधी आणायची त्याचं काही बोलला नाही.

गुणवंतीला त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली. इतकी वर्षं ज्याच्या संशयावर हसलो, तो हसण्यासारखा नव्हताच कधी, हे तिला कळलं. ती रडली, पण भांडली नाही. हे घर तिनं शेणानं सारवून सारवून उभं ठेवलं होतं आणि आता कानामागच्या एका रेघेवरून ते हातचं जात होतं.

भाऊ आला. रघू त्याचं नाव, अबोल माणूस. "भावोजी, काय झालं?" त्यानं विचारलं. भागोजी उठून कुंपणाकडं गेला. गुणवंतीनं बोचकं काखेत मारलं. "लांज्याला जाण्याआधी मिरकरवाड्यात जायचं," ती म्हणाली. "तुमीपण चला. नाय आलात तर मी रघूला सगळं वाडीसमोर सांगीन."

तिघं मिरकरवाड्यात पोचली. बाबल्या दारात जाळं विणत होता. गुणवंती सरळ समोर उभी राहिली.

"दादा, रुमाल काढा. ह्यांना तुमचं डोकं बघायचं हाय."

बाबल्या गोंधळला, पण बाईच्या आवाजात असं काही होतं की त्यानं मुकाट्यानं रुमाल सोडला. डोक्यावर केस आले होते. पांढरे शुभ्र, पिंजलेल्या कापसासारखे. गुणवंतीची भुवई काळीभोर.

"ह्या वर्षात पिकले असतील," भागोजी म्हणाला.

"ह्या वर्षात?" बाबल्या म्हणाला. "माझ्या थोरलीच्या लग्नात मांडवात लोक मला नवरीचा आजा समजत होते. तिला आता तीन पोरं!" आणि भागोजीचा चेहरा बघून त्याला वाटलं, गडी जखम बघायला आलाय. त्यानं मान वाकवली. "हितं बघ. डोलकाठीनं चिंचेच्या बोटुकाएवढी कातडी उडवली होती. हाड दिसत होतं, म्हणतात. डाक्तरानं दोन्हीकडनं कातडं ओढलं नि शिवलं."

पांढऱ्या केसांत एक बारीक रेघ होती. दोन्ही बाजूंना सुईचे ठिपके. खाच नव्हती.

भागोजी बघतच राहिला. त्यानं बोट लावलं, कातडी ताणून बघितली. गुणवंतीच्या कानामागंही असेच ठिपके होते. त्यानं तेव्हा बघितले होते आणि नको म्हणून सोडून दिले होते. तो रडवेला झाला. चारचौघांत, खारव्याच्या दारात, त्यानं बायकोला हात जोडले. "चुकलं गो. चल घरी."

"रघू कामं टाकून आलाय," गुणवंती म्हणाली. "त्याला रिकामा कसा धाडू?" आणि ती भावाबरोबर लांज्याच्या मोटारीकडं चालू लागली. तिनं मागं बघितलं नाही.

शिमग्यात पालखी दारात आली. ढोल थांबले. गुरवानं विचारलं, "घरधनीण कुठं?"

"माहेरी."

"शिमग्याला माहेरी?" सगळी वाडी त्याच्याकडं बघायला लागली. असं संशयानं बघणं भागोजीला ठाऊक होतं. आयुष्यभर त्यानं तेच केलं होतं. त्यानं नारळ वाहिला. ओटी गंगानं भरली.

नंतर तो दोनदा लांज्याला जाऊन आला. दोन्ही वेळा गुणवंतीनं जेवू घातलं आणि वाटेला लावलं. मिरगाच्या तोंडाशी मात्र ती आपल्या पायांनी परत आली. का, ते कुणाला सांगितलं नाही. गंगानं खोदून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "घर माझं हाय. ते मी का सोडू?"

तिनं चूल पेटवली, अंगण सारवलं, कामावरच्या गड्याला जेवायला वाढलं. भागोजी आता गरीब गायीसारखा वागायचा. तेल हुंगायचा नाही. कुणी "बरा हायस ना?" विचारलं तर "बरा हाय" म्हणायचा. पडवीतलं अंथरूण त्यानं आत आणलं. तिनं बाहेर टाकलं नाही, पण स्वतःचं भिंतीकडं सरकवलं.

भुवई वाढली होती. गंगा भात लावायला गेली होती, तेव्हा गुणवंती एकटीच हातात कात्री घेऊन फुटक्या आरशापुढं धडपडत होती. उजव्या हातानं उजवी भुवई जमेना. भागोजी दारात उभा राहून बघत होता.

"मी कापतो," तो भीत भीत म्हणाला. "माझा हात हलत नाय. तुला ठाऊक हाय."

तिनं कात्री पुढं केली आणि उजेडात येऊन पाटावर बसली. भागोजी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. इतक्या जवळून तिचं तोंड त्यानं कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं. त्यानं डाव्या हाताच्या बोटांत केस धरले. खरंच, तिच्या डोक्यासारखेच होते, मऊ आणि सरळ.

"डोळे मिट," तो हळूच म्हणाला. "केस जातील डोळ्यांत."

"जाऊ देत," गुणवंती म्हणाली. "तुमी कापा. मी बघते."